वाळवंटातल्या आजोबांना

दत्तनगरमधून एका आजोबांचं पत्र आलंय. वय अडुसष्ट. वडील मिलमध्ये होते, स्वतः चाळीस वर्षं एका कारखान्यात मागावर काढली, आता घरी असतात. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याची दोन मुलं, नात तेरा वर्षांची आणि नातू आठ वर्षांचा, ५ मेला सोलापूरला येणार आणि १६ मेला परत जाणार. फोनवर नात म्हणाली, "आजोबा, मे महिन्यात कुणी वाळवंटात जातं का?" त्यावर घरात सगळे हसले. आजोबाही हसले, पण फोन ठेवल्यावर त्यांना झोप लागली नाही. ते लिहितात, "पोरं दुपारभर मोबाइल घेऊन पडून राहतात. मॉल दाखवावा तर पुण्यात त्याहून मोठे आहेत. ऊन तर असं की दारात चप्पल ठेवली तर पाय भाजतो. अकरा दिवस यांचं मन कसं रमवू? खरं सांगायचं तर गावात दाखवण्यासारखं काही नाही याची लाज वाटते."

काका, नमस्कार.

पत्रातली शेवटची ओळ वाचून मी थोडी रागावले. मीही साखर पेठेत वाढले, त्यामुळे रागवायचा हक्क आहे असं समजते. पण राग लगेच ओसरला, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. मुंबईहून भावजय आणि भाची आल्या तेव्हा गावात काय दाखवायचं म्हणून मी त्यांना गाडीत घालून थेट नळदुर्गला नेलं. मे महिना, सकाळी अकराला किल्ल्यात शिरलो. इब्राहिम आदिलशहानं १६१३ साली बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला, नर-मादी धबधबे, वगैरे वगैरे माझी टकळी चालू. धबधब्यात अर्थातच थेंब नव्हता, तो पावसाळ्यात पडतो. साडेबाराला भाची बुरुजाच्या पायरीवर बसली ती उठेना. चेहरा लाल, अंग तापलेलं, घाम बंद. तिला सावलीत आडवं केलं, पिशवीतला टॉवेल बाटलीतल्या पाण्यानं भिजवून मानेवर, काखेत, कपाळावर ठेवला, ओढणीनं वारा घातला. अर्ध्या तासानं पोर बोलायला लागली. नशीब म्हणायचं. त्या दिवशी चुकलं ते एवढंच की पाहुण्यांपुढं गावाची माफी मागायच्या गडबडीत मी घड्याळ विसरले. तुमचंही आत्ता तेच होतंय. म्हणून आधी घड्याळाचं बोलू.

सोलापूरच्या उन्हाळ्यात एका दिवसाचे दोन दिवस असतात. पहिला पहाटे पाच ते नऊ. दुसरा संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. मधले नऊ तास ही आपली खरी रात्र. दारं-खिडक्या लोटून, अंधार करून काढायची. आपल्या आज्या हेच करायच्या. पुण्याची पोरं सकाळी दहाला उठून "आता कुठं जायचं?" विचारतात, तेव्हा सोलापूर मिटलेलं असतं आणि त्यांना वाटतं गाव मेलेलंच आहे. पहिले दोन दिवस जबरदस्ती करावी लागेल. पहाटे साडेचारला उठवा. आरडाओरडा होईल, होऊ द्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आपोआप झोपतील आणि मोबाइलचा प्रश्न निम्मा तिथंच सुटेल.

आता त्या वाळवंटाचं. नातीला सांगा, आपल्या जिल्ह्यात वाळवंट एकच, पंढरपूरचं, चंद्रभागेचं. तिथं संतमंडळी नाचली. बाकी आपण माळावरची माणसं. सह्याद्री ढगांचं बहुतेक पाणी त्या बाजूलाच उतरवून घेतो, मग जे हलके होऊन इकडं येतात त्यांच्यावर आपली ज्वारी पिकते. माळ आणि वाळवंट यांतला फरक तिला शब्दांनी पटणार नाही. तो डोळ्यांनी बघायचा तर नान्नजला जा.

बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर. माळढोक पक्षी अभयारण्य, १९७९ पासूनचं. जायच्या आधी वनखात्याकडं प्रवेशाचं आणि वेळेचं विचारून ठेवा. मुलांना आधीच सांगा की माळढोक दिसणार नाही. हा पक्षी आता इतका दुर्मिळ झालाय की तो दिसेल असं आश्वासन देऊन नेणं म्हणजे मुलांची फसवणूक. पण काळवीट दिसतील. मे महिन्यात गवत वाळून पार सोनेरी झालेलं असतं, त्यात काळा-पांढरा नर शिंगं मागं टाकून उभा राहिला की आठ वर्षांचं पोरगंसुद्धा कुजबुजत बोलायला लागतं. उजाडताना पोचा, आठच्या आत परत फिरा.

तिथं एक पक्षी मुद्दाम शोधा. पखुर्डी. कबुतराएवढा, मातीच्याच रंगाचा, सकाळी पाण्यावर थव्यानं येतो. त्याचा नर पाण्यात पोट बुडवून बसतो. पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात. मग तो तसाच ओला उडत मैलोगणती लांब माळावरच्या पिल्लांपर्यंत जातो आणि पिल्लं त्याच्या पिसांमधून पाणी चोखून पितात. टिटवीचंही तसंच. उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि उन्हाच्या कडाक्यात पोट भिजवून येऊन अंड्यांवर बसते. उन्हाळ्यात सोलापूरच्या माळावर कसं जगायचं हे ही मंडळी आपल्यापेक्षा जास्त जाणतात. जंगलातली माणसं ज्यांना आदरानं ऐकायची ते मारुती चितमपल्ली सोलापुरातच जन्मले, हे नातीला जाताजाता सांगा. अरण्यऋषी म्हणून ज्याला महाराष्ट्र ओळखतो तो माणूस या वाळवंटातला, म्हणावं.

पण माळ वगैरे दुसऱ्या नंबरला. पहिल्या नंबरला तुम्ही स्वतः. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस मला विचारतोय की नातवंडांना काय दाखवू! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

तुमच्या नातीनं आयुष्यभर सोलापुरी चादर अंगावर घेतली असेल. ती कशी होते हे तिनं कधी पाहिलंय? पूर्व भागात, आपल्या मागांच्या वस्तीत, तुमच्या ओळखीचा एखादा कारखानदार असणारच. त्याला विचारा, सकाळी सात-साडेसातला, शेड तापायच्या आत पोरांना घेऊन येऊ का म्हणून. आत शिरल्यावर आवाजानं दोघं कानावर हात ठेवतील. मग तुम्ही बोलू नका, फक्त बोट दाखवा. धोटा इकडून तिकडं कसा पळतो ते. ताण्याचे धागे वर-खाली कसे होतात ते. आणि मग मान वर करून जॅकार्डची कार्डं दाखवा, भोकं पाडलेली, एकाला एक शिवलेली, साखळीसारखी फिरणारी. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. जिथं भोक नाही तिथं धागा खालीच. भोक आहे, भोक नाही. एवढ्या दोन उत्तरांवर मोर उमटतो, फुलं उमटतात, ताजमहाल उमटतो. तेरा वर्षांची मुलगी शाळेत कॉम्प्युटर शिकत असेल तर तिथंच तिच्या डोक्यात दिवा लागेल. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास हे जॅकार्ड तयार झालं आणि पुढं सुरुवातीच्या गणकयंत्रांना माहिती भरवायला हीच भोकांच्या कार्डांची कल्पना उचलली गेली. तिच्या हातातल्या मोबाइलचा एक पूर्वज आपल्या पूर्व भागात अजून खटाक-खटाक करतोय. हे पुण्याच्या कुठल्या मॉलमध्ये आहे, सांगा बरं?

शेडमधून बाहेर पडलात की हातमागावर भिंतीवरची चित्रं विणणारा एखादा जुना विणकर भेटतो का बघा. सुतानं माणसाचा चेहरा विणायचा म्हणजे काय कष्ट, हे तुम्हीच जास्त जाणता. परत येताना जुन्या मिलच्या बाजूनं या. १८७७ ची मिल. तुमचे वडील भोंग्यावर उठायचे, तुमची आई भोंग्यावर चूल पेटवायची, अख्ख्या गावाला घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. हे त्या पोरांना तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, कुठल्याही व्हिडिओत नाही. एक विनंती आहे: ते सांगताना "आता काय राहिलं नाही बघ" हे वाक्य तोंडून काढू नका. आपल्या पिढीनं हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की मुलं खरंच गाव सोडून गेली.

त्याच फेरीत एक खेळ. विजापूर वेस, मधला मारुती, कन्ना चौक असं सकाळी चालत जा आणि दोघांना पैज लावा: दुकानांच्या पाट्यांवर किती लिप्या सापडतात आणि कानावर किती भाषा पडतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी. भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भाव करते, दुसऱ्याशी तेलुगूत भांडते आणि तिसऱ्याला मराठीत "घ्या की ओ" म्हणते, तेही श्वास न घेता. जास्त मोजेल त्याला ताडगोळे. ते विकणाऱ्याला तेलुगूत मुंजलु मागायला लावा. मिळाल्याचा आनंद फळापेक्षा जास्त असतो. साल सोलायची घाई करू देऊ नका, आतलं पाणी सांडतं आणि कपड्यावरचा डाग जात नाही.

आता दुपार. इथं तुमची खरी धास्ती आहे.

आधी घराची व्यवस्था. कूलर लावताना लोक खोली गच्च बंद करतात, ते चुकतं. कूलर हवा ओली करून थंड करतो. ओली हवा बाहेर जायला वाट नसली तर तासाभरात खोलीत घामाची आंघोळ सुरू. कूलरच्या समोरच्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. आपली हवा कोरडी म्हणून कूलर इथं काम करतो, मुंबईत नाही, हेही पोरांना सांगण्यासारखं आहे. माठाचं तेच: मातीच्या अंगातून पाणी झिरपतं, वाफ होतं आणि जाताना गारवा मागं ठेवून जातं. म्हणून माठाला रंग लावू नका, भोवती ओलं फडकं गुंडाळा. एक माठ फ्रीजच्या शेजारी ठेवा आणि दोघांनी तीन दिवस दोन्हीकडचं पाणी प्यायचं असं ठरवा. चौथ्या दिवशी ती माठाकडं जातील. मी पैज लावते.

मग काकूंना विचारा, यंदाच्या कुरडया झाल्या का. नसतील तर ५ मेपर्यंत थांबा म्हणावं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून-गाळून चीक काढायचा. हे सगळं पोरांच्या हातानं होऊ दे. पातेल्यात चीक शिजताना लाकडी उलथनं जड होत जातं, पांढरट दुधी रंग जाऊन काचेसारखी चमक येते, तेव्हा वाटीभर बाजूला काढून त्यावर तूप आणि साखर घालून दोघांच्या हातात द्या. गरम. उरलेला सोऱ्यातून गच्चीवर, जुन्या साडीवर. हे पहाटे साताच्या आत उरकायचं. मग दुपारभर आडोशाला बसून कावळे हाकलायची ड्यूटी नातवाची. दोन दिवसांनी कडकडीत वाळलेली कुरडई तळली की चौपट फुलते, आणि त्याच्या लक्षात येतं की ज्या उन्हाला आपण शिव्या देतोय ते इथं कामाला येतं. पुण्याला जाताना डबा भरून द्या.

तारखांचा एक योग आहे, तो चुकवू नका. १० आणि ११ मेला सोलापुरात सावली नाहीशी होते. गंमत नाही. आपलं गाव साडेसतरा अंशांच्या जरा वर, विषुववृत्ताच्या उत्तरेला. सूर्य वर सरकत सरकत त्या सुमारास बरोबर आपल्या डोक्यावर येतो. दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी गच्चीवर सपाट जागी एक तेलाची बाटली किंवा सरळ पाइपचा तुकडा उभा करा. सव्वाबारापासून बघत राहा. सावली आखडत आखडत बुडाखाली शिरते. नातीला दर पाच मिनिटांनी खडूनं सावलीचं टोक आखायला सांगा. दोघांनी हात जोडून उभं राहिलं तर सावली पायाखालचा एक गोळा होते. दहा मिनिटांचं काम, डोक्याला टोपी, पायात चप्पल, आणि सूर्याकडं वर बघायचं नाही. मग तिला पुण्यातल्या मैत्रिणीला फोन करायला लावा: "आमच्याकडं आज झालं, तुमच्याकडं अजून तीन-चार दिवसांनी." पुणं जरा वर आहे ना, सूर्याला तिथं पोचायला तेवढा वेळ लागतो. सोलापूर पुण्याच्या आधी आहे असं म्हणायची संधी रोज येत नाही, काका. ऑगस्टच्या सुरुवातीला परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात.

एक-दोन दुपारी बाहेर काढाव्या लागतीलच. केगावजवळचं विज्ञान केंद्र एका दुपारी, सुट्टीचा वार विचारून. एखादी दुपार सिनेमाला, त्यात लाज कसली, थंडगार अंधारात तीन तास निघतात. एखाद्या दुपारी हिराचंद नेमचंद वाचनालयात नुसतं बसा. भैय्या चौकाजवळ डॉ. कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलंय, ते सकाळी करा. १९३८ साली चीनला जखमी सैनिकांच्या सेवेला गेलेला आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेलेला सोलापूरचा डॉक्टर. पोहायचा तलाव, वॉटर पार्क यासाठी मुलाकडून पैसे आलेत असं तुम्ही लिहिलंय. एक दिवस जा, हट्ट पुरवा. दुसऱ्यांदा नको, तुम्हाला काठावर बसून चक्कर येईल.

खायला-प्यायला वेगळं काही करू नका. कैरीचं पन्हं, ताक, ज्वारीची आंबील, मोडाची उसळ. बाहेर पडताना कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पिशवीत, ती बेचाळीस डिग्रीतही बिघडत नाही, सँडविचची माती होते. शिवाय बाटलीत लिटरभर पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. एक ओला टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम. कुणी गरगरतंय म्हणालं तर सावली, ओला टॉवेल, वारा, शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी. असंबद्ध बोलायला लागलं, गुंगीत गेलं तर तोंडात काही घालायचं नाही, अंग भिजवत ठेवून १०८ ला फोन. हे पोरांसाठी जेवढं तेवढंच तुमच्यासाठी. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला तहान कळत नाही नीट, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

कुडलला एक सकाळ राखून ठेवा. हत्तरसंग कुडल, विजापूर रस्त्यानं साधारण चाळीस किलोमीटर, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं. संगमेश्वराच्या देवळात दगडी तुळईवर एक ओळ कोरलेली आहे. शके ९४०, म्हणजे १०१८ सालची. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी ती उजेडात आणली. ओळ अशी: "वाछि तो विजेया होइवा". वाचील तो विजयी होईल. नातवाला खाली उभं करा, मान वर करायला लावा आणि एकेक अक्षर बोटानं दाखवत वाचायला सांगा. अक्षरं ओळखीची वाटत नाहीत, पुजारी किंवा गावातलं कुणीतरी दाखवतं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर नुसत्या वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवलाय. आठ वर्षांच्या पोराला हे फार आवडतं, मी तीन पोरांवर करून बघितलंय. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळातलं शेकडो मुखांचं शिवलिंगही बघा. नदीत मात्र उतरू देऊ नका. मे महिन्यात पाणी गुडघाभर दिसतं आणि एका पावलावर डोह लागतो.

संध्याकाळसाठी सिद्धेश्वरापलीकडं जायची गरज नाही. सहाला ऊन उतरलं की तळ्याच्या कडेनं चाला. शेजारी भुईकोट किल्ला, त्याच्या भिंतीचा तापलेला दगड रात्रीपर्यंत धग सोडतो, हात लावून बघायला सांगा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं. कन्नड वचनं लिहिणारा योगी, आणि लक्षात राहिला तो तळ्यामुळं. नळाला पाणी यायच्या दिवसाची वाट बघणाऱ्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विजापूर रस्त्यावरचा कंबर तलावही संध्याकाळी बरा, हिप्परग्याच्या तलावात यंदा पाणी किती आहे ते बघून जा.

हुतात्मा स्मृती मंदिराच्या तिकीट खिडकीवर एक चक्कर मारा. मे महिन्यात बालनाट्य, शिबिरांचे शेवटचे प्रयोग, मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं, काहीतरी असतंच. स्थानिक पोरांचं नाटक असेल तर तेच बघा. एखादा संवाद विसरेल, विंगेतून कुणीतरी पुटपुटेल, आणि तुमच्या नातीला वाटेल की हे आपल्यालाही जमेल. मोठ्या नाटकानं तसं वाटत नाही. बाहेर पडताना नाट्यगृहाच्या नावाचा अर्थ सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. चार माणसं, चार पेठा म्हणा हवं तर. लांबण लावू नका, नावं सांगितली तरी पुरे.

आणि रात्र गच्चीवर. सातला स्लॅबवर पाणी मारा, पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या राखून. लगेच गादी टाकू नका, दहापर्यंत स्लॅब वाफ सोडतो. तोवर तारे. चांदणं कमी असलेली रात्र निवडा. उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं ओढत नेला की केशरी स्वाती, आणखी पुढं पांढरी चित्रा. आग्नेयेला वृश्चिक वर चढत असतो, त्याच्या छातीत लाल ज्येष्ठा. दक्षिणेला नऊ-साडेनऊला क्षितिजाच्या जरा वर चार ताऱ्यांचा छोटा पतंग: त्रिशंकू. पुण्यातूनही तो उगवतो, पण डोंगर आणि इमारती आड येतात. दत्तनगरातही दिव्यांमुळं दिसेल न दिसेल. कुडलची किंवा एखाद्या शेतावरची रात्र जमवता आली तर तिथं नक्की दिसेल, आपलं क्षितिज परातीसारखं सपाट आहे. वळवाचे ढग जमले, विजा दिसायला लागल्या की मात्र गादी गुंडाळून खाली, तेव्हा हट्ट नाही.

येण्याचं एक राहिलं. मुलाला सांगा, दुपारी पोचणाऱ्या गाडीनं पाठवू नको. हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी पुण्याहून निघते, रात्री इथं पोचते, तोवर वारा सुटलेला असतो. तुम्ही स्टेशनवर अर्धा तास आधी जा, माठातलं पाणी बाटलीत घेऊन. आणि रिक्षात बसल्यावर "उकडतंय का गं?" असं तुम्ही आधी विचारू नका. तिला वाटलं तर ती म्हणेल.